दानात गेलेली गाणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
२४ जानेवारी २०२५

सौ. मायाक्का विहीणबाई यांस,
शकुंतलेचा सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. पण तुमचं-माझं फोनवर जमत नाही हे आशिषच्या तेराव्यालाच कळलं. तुमचा आवाज चढला, माझा बसला आणि ऋतुजा बिचारी मधे फोन धरून उभी. त्याला वर्ष झालं. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून लिहिते.

आशिषचं वर्षश्राद्ध परवा बुधवारी यथासांग झालं. तुम्ही आणि जोतिरामभाऊ याल म्हणून पानं थोडा वेळ थांबवली होती. डाळिंबाची तोड चालू असेल, असं मी आल्यागेल्याला सांगितलं.

चिंतामणी गुरुजींनी सगळं सावकाश केलं. शय्यादानही दिलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने त्याचं अंथरूण-पांघरूण, चपला, छत्री, जे त्याच्या वापरातलं आणि आवडीचं असेल ते गुरुजींना देतात. पुढच्या वाटेवर त्याला ते पोचतं. मी सगळं घरातलंच काढलं, बाजारातून काही आणलं नाही. नव्या चादरीपेक्षा त्याने अंगावर घेतलेली चादर त्याच्या ओळखीची. सगळ्यात वर त्याचा जुना फोन ठेवला. त्याने दुसरा घेतल्यापासून हा कोठीच्या खोलीत पडून होता, त्यात सिमकार्डही नव्हतं. पण किती जीव होता त्याचा त्यावर! यांनी पाणी सोडलं आणि त्या दिवशी मला वर्षात पहिल्यांदा डोळाभर झोप लागली.

ऋतुजा बरी आहे. शाळेत शिकवून येते, मला हातभार लावते. फक्त परवापासून फार गप्प आहे. विचारलं तर "काही नाही, आई" एवढंच. वर्ष भरलं की दुःख पुन्हा वर येत असेल. तुमच्याशी काही बोलली तर कळवा.

तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, लेकीला पाठवून द्या. मी नाही म्हटलं होतं. आजही नाहीच म्हणेन. आशिषच्या मागे आम्हाला तीच आहे.

तुमची,
शकुंतला

---

बिरुदेवाच्या नावानं चांगभलं

सांगोला
३० जानेवारी

शकुंतलाबाई विहीणबाईस्नी मायाक्काचा रामराम.

तुमचं पत्र पोस्टमननं वाड्यावर मेंढरात आणून दिलं. मी सातवी शिकल्येली हाय, वाचाया येतं. दोनदा वाचलं. कागदावर आवाज चढत न्हाय म्हनता व्हय? बघा आता चढतोय का.

तोड कवाच झाली. आमी आलो न्हाय कारन आमाला यायचं नव्हतं.

तुमी डोळाभर झोपला, आन् माजी लेक जागी हाय. त्या फोनात काय हुतं तुमाला ठावं न्हाय? वर्सभर ती त्यात गानी भरत हुती. सवताची. सबुद तिचं, चाल तिची, गिटार बी तिनंच वाजवल्याली. आठ गानी झाली हुती. आल्बम करून इंटरनेटवर सोडायचा हुता तिला. दुसरीकडं कुटंच न्हाईत ती गानी. तुमी गादी-चपलासंगं भटजीला दिऊन मोकळ्या झाला.

वर्स हुईपर्यंत घरात गानं नको, ह्ये तुमीच सांगितलं हुतं की. पोरीनं तुमचा सबुद मोडला न्हाय. दुपारच्याला कोठीत बसून, चारी बाजूनं चादरी टांगून, वटातल्या वटात गायली. तुमाला त्येचा सुगावा लागला आन् तुमी बराबर काटा काढला. दानाचं नाव, आन् गळा दाबला पोरीचा.

पोरगी मला रडून सांगत न्हाय. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आये, राहू दे, त्यांना म्हाईत नव्हतं," म्हनती. तिचा इस्वास हाय तुमच्यावर. माजा न्हाय.

तुमच्या घरात यायला तिनं जात सोडली, रान सोडलं, मटण सोडलं. आता आवाज बी सोडायचा?

तिला पाठवून द्या. न्हायतर मी येती.

मायाक्का

---

॥ श्री ॥

सोलापूर
५ फेब्रुवारी

सौ. मायाक्काबाई यांस नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. चढलेला आवाज ऐकू आला. सिद्धेश्वराच्या पायाशी हात ठेवून सांगते, मला माहीत नव्हतं.

दुपारी ती कोठीत जाऊन कडी लावायची. मला वाटायचं, मोकळेपणाने रडायला जाते. म्हणून त्या वेळात मी तिकडे फिरकत नसे. भांडीही उशिरा घासायची, आवाज नको म्हणून. चादरी दिसल्या तेव्हा वाटलं, पत्रा तापतो म्हणून टांगल्या असतील. मी कधी विचारलं नाही. माझा समज असा, की विचारलं नाही म्हणजे तिचा मान राखला.

काल पत्र वाचून सरळ तिच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. ती घाबरली. "बाबांना काही झालं का?" मी म्हटलं, "फोनात तुझी गाणी होती?" ती पर्स चाचपत राहिली. मग म्हणाली, "होती."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? शय्या तुझ्यासमोर मांडली होती."

"मी तेव्हा वर पानं वाढत होते, आई. खाली आले तेव्हा बाबांच्या हातातून पाणी सुटलं होतं."

घरी आल्यावर तिने मला कोठीत नेलं. चादरी अजून तशाच आहेत. मधे पाट, वर दोरीला रिकामी पिशवी. त्या पिशवीत ती फोन ठेवायची, तोंडासमोर लोंबता. मी म्हटलं, इथे कसली गाणी होणार, पलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर, खाली गल्लीत यंत्रमागाची खडखड. ती म्हणाली, "ते सगळं आत येतंच. याला लो-फाय म्हणतात, आई. घरात बसून केलेलं, आहे तसं ठेवलेलं. लोक मुद्दाम ऐकतात." मला सगळं कळलं नाही. मी म्हटलं, तुला नवा फोन आणू, चांगल्यातला. पुन्हा म्हण. मी घरात शब्द बोलणार नाही.

तर म्हणाली, "पुन्हा म्हणेन, पण ती हीच गाणी होणार नाहीत. ते वर्ष गेलं ना."

मायाक्काबाई, मी काय करू ते सांगा. दिलेलं दान परत मागितलं तर दान राहत नाही. आशिष मोटारसायकलच्या अपघातात जागीच गेला, तोंडात पाणी घालायलाही आम्ही पोचलो नाही. त्याच्यासाठी आईच्या हातून यथासांग झालेली ही एकच गोष्ट. ती मोडू? तुमच्यातही देवाला सोडलेलं असेल काही. परत आणता का तुम्ही?

शकुंतला

---

सांगोला
१२ फेब्रुवारी

विहीणबाईस्नी रामराम.

न्हाय आणत. देवाला सोडल्यालं मेंढरू परत कळपात घेत न्हाईत. आमच्या सासऱ्यानं एकदा घेतलं हुतं, त्येच्या नावानं आजून बोटं मोडत्यात. म्हनून तुमचं पत्र वाचून मी गप बसली. मालक म्हनलं, "आता का गप? मगाशी तर सोलापूरला निगाली हुतीस चप्पल घालून." मी म्हनलं, "तुमी मेंढरं बघा."

मागं तुमाला वंगाळ बोलली. तुमाला म्हाईत नव्हतं, ह्ये आता मला पटलं. दारात जाऊन हुबी राहनारी बाई कपटी नसती.

आता माजं एक सांगती. त्या आठातलं एक गानं माज्याकडं हाय. तिनं दिवाळीच्या आदी मोबाईलवर धाडलं हुतं, कुनाला ऐकवू नको म्हनून. तुमाला मी म्हनलं, कुटंच न्हाईत. खोटं बोलली. ती चीज मला कुनाला द्यायची नव्हती. बकरी चारताना एकलीच ऐकती. तिचा आवाज लई बारीक येतो, शेजारी बसून कानात सांगितल्यागत. मधी एकदा थांबती आन् नाक वढती, मग पुन्यांदा गाती. लगीन करून गेली तवापासनं पोरगी येवढ्या जवळ बसली नव्हती माज्या.

तुमी मला इचारलं काय करू. मी काय सांगनार? तुमचा लेक गेलाय, माजी लेक हाय. तुमच्या लेकाची वाट मोडा असं माज्या तोंडानं मी म्हननार न्हाय.

पर एक इचारती, राग धरू नका. फोन तुमच्या लेकाचा, खरं. गळा कुनाचा?

मायाक्का

---

॥ श्री ॥

सोलापूर
२२ फेब्रुवारी

प्रिय मायाक्काबाई,

तुमच्या शेवटच्या ओळीने मला आठवडाभर देवपूजाही धड करू दिली नाही. काल शुक्रवारी दुपारी चिंतामणी गुरुजींकडे गेले. घरात कुणाला सांगितलं नाही.

गुरुजी ओसरीवर आशिषच्याच फोनात पंचांग बघत होते. त्याच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहून पाय थांबले. मी आधी महाशिवरात्रीच्या अभिषेकाचं विचारलं. मग म्हटलं, "गुरुजी, शय्येतलं काही परत मागायला आले आहे."

गुरुजींच्या घरच्यांनी आतून ऐकलं. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. "शय्या परत न्यायला आलेली बाई आज पहिल्यांदा बघते हो! गादीही उचलताय का? भाऊजी निजलेत तीवर, उठवते."

"फक्त फोन," मी म्हटलं. "फोनही नको. त्यात माझ्या सुनेची गाणी आहेत. तेवढी उतरवून घेऊ द्या."

गुरुजींनी फोन मांडीवर ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "शकुंतलाबाई, गाय दान दिली. मागाहून कळलं, गाभण होती. वासरू मागता येतं का?"

"नाही."

"मग? वस्तू दिली ती आतल्यासकट दिली."

मी उठायला निघाले होते. खरंच निघाले होते. पण पायरीवर तुमची ओळ आडवी आली. तिथूनच विचारलं, "आणि गाय मुळात शेजारणीची असेल तर?"

त्यांनी फोन मांडीवरून हातात घेतला.

"गुरुजी, फोन आशिषचा. पण गाणी त्याची नव्हती, माझी तर नव्हतीच. मी सुनेला न विचारता तिची वस्तू उचलली आणि माझ्या मुलाच्या नावाने सोडली. तिचं सगळं मी त्याचंच धरून चालले. तो होता तेव्हाही, आणि गेल्यावरही."

त्यांच्या घरच्या तांब्या घेऊन आत गेल्या. गुरुजी म्हणाले, "मग हे दान चुकलं."

"चुकलं म्हणजे? आशिषला पोचलं नाही?"

"पुस्तकात काय आहे ते मी सांगू शकतो, बाई. तो कुठे आहे ते कसं सांगू?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याच्या जागी असं काही आणून द्या, जे तुमचं स्वतःचं असेल. मी संध्याकाळी माझ्या आईने दिलेली समई नेऊन दिली. ती माझी होती. ती देताना कुणाला विचारावं लागलं नाही.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाणी मी सोडलं होतं. मला तरी विचारायचं." ते खरंच आहे. तेव्हापासून बोलत नाहीत. आमच्या दोघांत ऋतुजा ताटं वाढते.

घरचा जमाखर्च मी लग्नापासून लिहिते. हे कोणत्या बाजूला मांडावं, मला कळत नाही. दिवा लावताना आशिषला सांगते, बाळा, चूक माझी, तू अडकू नकोस.

आता वाईट बातमी. गुरुजींनी मंत्र भरून ठेवायला जागा केली होती, त्यात आठातली तीन गाणी पुसली गेली. ऋतुजाने फोन चालू केला, एकेक बघितलं. पाच आहेत. पाच आहेत म्हणून ती हसली आणि मग पाटावर बसून रडली; रडली असती तर बरं, असं तुम्ही लिहिलं होतं ना, तशी. मी तिच्याजवळ बसले.

ऋतुजा म्हणाली, पुसलेल्यांपैकी एक तिने घरच्या वाय-फायवर याच फोनातून तुम्हाला पाठवलं होतं. ते आता जगात फक्त तुमच्या मोबाईलवर आहे. ऋतुजा तुमच्याकडे मागणार नाही, मला तिचा स्वभाव कळला आहे. मीही मागत नाही. फक्त कळवते.

तुमची,
शकुंतला

---

सांगोला
३ मार्च

शकुंतलाबाईस्नी मायाक्काचा रामराम.

मागत न्हाय म्हनता आन् मागता. लई हुशार हाय तुमी.

तुमचं पत्र मालकास्नी मोठ्यानं वाचून दावलं. गाईचं ऐकून ते म्हनलं, "बामनाला बामनीनच भारी पडली." मग समईचं आलं तवा हात जोडलं. म्हनलं, "ह्या बाईला आपन उगंच शिव्या दिल्या." मी म्हनलं, "तुमी कवा दिल्या? मीच दिल्या सगळ्या."

गानं धाडाया मला चार दिस लागलं. कळ दाबायची तर हाये, पर बोट हुईना. आता ते समदी ऐकनार, मंजी माज्या कानात सांगितल्यालं चावडीवर जानार. तिनं त्यात "आये" म्हनून हाक मारल्या. ती हाक माजी हाय. कुनीबी ऐकावी का?

मग वाटलं, तुमी लेकाच्या वाटंवरची वस्तू माघारी आणलीसा, आन् मी बोट आडवून बसल्ये.

धाडलं काल. रानात हुबी राहून, रेंज धरून. तिला सांगा, मधी नाक वढल्यालं तेवढं काढून टाक म्हनावं, लोक हसतील.

तुमचं मालक बोलाया लागलं का?

तिला पाठवून द्या असं आता मी लिहीत न्हाय. तुमच्या घरात पोरगी कोंडून घातल्याली हाय असं मला वाटत हुतं. तसं न्हाय. पर आईचं मन हाय. येवढंच.

मायाक्का

---

॥ श्री ॥

सोलापूर
१ एप्रिल

प्रिय मायाक्काबाई,

तुमचं गाणं मिळालं होतं. ऋतुजाने नाक ओढलेलं काढलं नाही. मी सांगून पाहिलं. म्हणाली, "ते काढलं तर आयेला ओळखू येणार नाही."

परवा पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर तिने सहा गाणी इंटरनेटवर सोडली. वर चित्र म्हणून टांगलेल्या चादरीचा फोटो आहे आणि खाली फक्त तिचं नाव, ऋतुजा. त्यापुढे आमचं आडनावही नाही, तुमचंही नाही. पाहून मला क्षणभर लागलं. मग काही वाटेनासं झालं.

आधी घरात ऐकायचं ठरलं. मी श्रीखंड-पुरीची ताटं झाकून ठेवली. तुम्ही लिहिलं तसाच आवाज, बारीक, शेजारी बसल्यासारखा. वर्षभर भिंतीच्या अलीकडे मी काय समजत होते आणि पलीकडे काय चाललं होतं! एका गाण्यात ती म्हणते, घरात सगळे हळू चालतात, कुणाची झोप मोडू नये म्हणून, आणि झोपलेलं तर कुणीच नाही. मायाक्काबाई, ते आमचंच घर. तिला सगळं दिसत होतं.

तिसऱ्या गाण्यात मागे घंटा वाजते आणि कुणी बाई स्तोत्र म्हणते, बेसूर. मी म्हटलं, ही कोण मधे? ऋतुजाने माझ्याकडे बोट केलं. ती मीच. दुपारची पूजा. मला ओशाळं झालं. म्हटलं, अगं, तुझं गाणं बिघडवलं मी. तर म्हणाली, "मी तुमच्या तालावर सूर धरला आहे तिथे. घंटा थांबेपर्यंत पुढची ओळ घेतलेली नाही. परत ऐका." परत ऐकलं. खरंच थांबली आहे.

तेवढ्यात हे आतून आले. महिना होऊन गेला होता, माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. दारात उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "आवाज वाढव जरा." सगळं संपेपर्यंत उठले नाहीत. पुऱ्या गार झाल्या. तशाच खाल्ल्या.

किती लोकांनी ऐकलं ते ऋतुजा मोबाईलवर बघते. मोजके आहेत. बंगळूरच्या कुणी मुलीने लिहिलं आहे, मराठी येत नाही, पण तिसरं गाणं लावून बसते. देवाच्या पायावर मी ते घातलं. आशिषला पोचलं की नाही ते मला अजून माहीत नाही. आता कळणारही नाही, हे मी धरून चालले आहे.

ऋतुजाने शाळेत रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळच्या सांगोल्याच्या एसटीने ती निघते. गिटार नेते आहे. तुमच्याकडे बसून काही करायचं मनात आहे म्हणाली. "मी तिला पाठवते आहे" असं आत्ता वर लिहिलं होतं, ते खोडलं. तिचं तिने ठरवलं आहे आणि आम्हाला सांगितलं आहे. मी दशम्या बांधून देईन, हे स्टँडपर्यंत जातील.

परत केव्हा येणार, ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुमची,
शकुंतला